मी भरतकाम शिकतो

पुरुषाच्या हातात सुई दोनच ठिकाणी शोभते, असा आपल्याकडे समज आहे : शिंप्याच्या दुकानात किंवा डॉक्टरच्या दवाखान्यात. मराठीच्या प्राध्यापकाने ती हाती धरली तर काय होते, याचा अनुभव मी गेल्या जुलैत घेतला. दुपारच्या सुट्टीत कॉलेजातल्या शिक्षकांच्या खोलीत मी पिशवीतून लाकडी रिंग काढली, तीत पांढरे कापड ताणून बसवले आणि चष्मा कपाळावर सारून सुई ओवू लागलो. खोलीत जी शांतता पसरली, ती माझ्या वर्गात मला आजवर कधी लाभलेली नाही. इंग्रजीच्या सहकाऱ्यांनी हलक्या आवाजात विचारले, "डॉक्टरांनी सांगितलंय का? ब्लडप्रेशर आहे का?" अर्थशास्त्राच्या बाई मात्र उठून आल्या, त्यांनी कापड माझ्या हातातून घेतले आणि सरळ उलटे करून पाहिले. उलट्या बाजूला गाठी, लोंबणारे दोरे आणि एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर मारलेल्या उड्या यांचे जंगल माजले होते. त्या फक्त "हं" म्हणाल्या आणि कापड परत दिले. भरतकाम जाणणारी माणसे उलटी बाजू आधी पाहतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना मलाही तसे करता आले असते तर फार बरे झाले असते!

या उद्योगाचे मूळ आमच्या नव्या घरात आहे. गेल्या वर्षी आम्ही स्वतःच्या घरात राहायला आलो. 'स्वतःच्या' हा शब्द मी बँकेच्या परवानगीने वापरतो. हप्ते संपतील तेव्हा मी निवृत्त झालेला असेन. घर लावून झाले, पुस्तके कपाटात गेली, आईची ट्रंक तिच्या पलंगाखाली सरकली. राहिली ती बाहेरच्या खोलीतली एक कोरी भिंत. आमची कन्या सातवीत आहे. तिचे म्हणणे पडले, की या भिंतीवर घराबद्दल कुणीतरी चांगले काही लिहिलेले हवे. बाजारात इंग्रजी अक्षरांच्या तयार लाकडी पाट्या मिळतात. सौ. म्हणाल्या, "मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात इंग्रजी पाटी? लोक हसतील." मला मात्र जुन्या काळच्या बाहेरच्या खोल्या आठवल्या. पूर्वी मध्यमवर्गीय घरात पाऊल टाकले, की समोर काचेमागे दसुतीवर भरलेले 'सुस्वागतम्' दिसे. शेजारी दोन पोपट, खाली मण्यांचा ससा आणि जरा पुढारलेले घर असेल तर इंग्रजीत 'होम स्वीट होम'. असली एक चौकट आमच्याही खोलीत काही दिवस होती, असे मला पुसटसे आठवत होते.

त्या इंग्रजी शब्दांची गंमत अशी, की ते लिहिले एका भटक्या माणसाने. जॉन हॉवर्ड पेन हा अमेरिकन नाटककार. लंडनच्या रंगभूमीवर १८२३ साली आलेल्या 'क्लारी' नावाच्या संगीतिकेसाठी त्याने ते गाणे लिहिले, हेन्री बिशपने त्याला चाल दिली आणि बघता बघता ते जगभर गेले. पेन स्वतः १८५२ साली आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, ट्यूनिस शहरी, परमुलखात वारला. त्याचे शब्द मात्र पुण्याच्या वाड्यांतल्या आणि मुंबईच्या चाळींतल्या दोन-दोन खोल्यांमध्ये भाड्याने राहणाऱ्या माणसांच्या भिंतींवर जाऊन बसले. ज्यांना स्वतःचे घर नाही, त्यांनाच घराबद्दलचे शब्द अधिक लागतात की काय, कोण जाणे!

आम्हांला हवे होते मराठी शब्द, आणि ते शोधायला मला लांब जावे लागले नाही. बहिणाबाईंची सुगरणीच्या घरट्यावरची कविता मी आजवर कितीतरी वर्गांना शिकवली आहे. तिच्या ओळी इथे लिहीत नाही. त्या तुम्हां सर्वांना शाळेपासून पाठ आहेत. घर म्हणजे काय, हे त्या बाईने एका चिमुकल्या चोचीकडे आणि माणसाच्या दहा बोटांकडे बघून सांगितले. जळगावजवळच्या असोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्या जे गात, ते त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी ऐकून टिपून ठेवले. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात वारल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' महाराष्ट्राच्या हाती पडली. आता जळगावच्या विद्यापीठालाच त्यांचे नाव आहे. ज्या बाईला स्वतःची सही करता येत नव्हती, तिचे नाव हजारो पदवीपत्रांवर छापले जाते!

या साऱ्या गोष्टी मी घरच्यांना मोठ्या उत्साहाने सांगत होतो. आई पलंगावर बसून तांदूळ निवडत होती. म्हणजे तसे ती म्हणते. नजर अधू झाल्यापासून ती तांदळावरून नुसती बोटे फिरवते आणि खडा बोटांनाच सापडतो. माझे व्याख्यान संपल्यावर ती उठली, ट्रंक उघडली आणि तळाशी हात घालून एक घडी काढली. पांढरे, जाड, दोन हात लांब कापड. चहूकडून भरलेली वेल : हिरव्या साखळी टाक्याचे देठ, गाठीच्या टाक्याच्या पिवळ्या कळ्या, कोपऱ्यांत चार कमळे. मधली जागा मात्र कोरी.

"रुखवतासाठी केलं होतं," ती म्हणाली. "मधे जागा आहे. कर काय करायचं ते."

कन्येने कापड चाचपून विचारले, "आजी, हे लिनन का गं?" मी तत्काळ मास्तर झालो. लिनन निघते ते जवसाच्या देठाच्या धाग्यापासून. त्याच जातीची, पण बियांसाठी वाढवलेली जवसाची रोपे आमच्या खानदेशात होतात; आम्ही त्यांच्या बियांची चटणी करतो, युरोपातल्या लोकांनी देठाची वस्त्रे केली. हे कापड मात्र निखळ सुती होते. आजोबांनी ते अमळनेरच्या प्रताप मिलचे म्हणून आणले होते. आईच्या लग्नाआधीचे, म्हणजे पन्नास वर्षांहून जुने. आम्ही ते रिठ्याच्या पाण्यात भिजवले, सावलीत वाळवले आणि शिकवणी सुरू झाली.

शिष्य मी, गुरू आई. लहानपणी हे नाते उलटे होते, संध्याकाळी दिवा लागला, की ती सुई आणि दोरा माझ्यापुढे धरी आणि म्हणे, "ओवून दे." मुलांचे डोळे तीक्ष्ण असतात म्हणून हे काम मुलांचे. आता माझ्याही डोळ्यांना चाळिशी लागलेली. सुई मी ओवायची, पण टाका तिने सांगायचा. बाजारातली दोऱ्याची लड सहा पदरांची असते. अक्षरांसाठी त्यातले दोनच पदर घ्यायचे. दोरा कोपरापासून बोटांपर्यंत येईल एवढाच, त्याहून लांब घेतला तर तो पिळतो. "आळशाचा दोरा लांब," असे ती म्हणे. सुरुवातीला गाठ मारायची नाही. शेपटी मागे सोडायची आणि टाक्यांखाली दाबून टाकायची. आधी कार्बन कागदाने अक्षरे उतरवून घ्यायची, मग शिरोरेघेवर धावदोरा, आणि मग उलटी टीप. आपली देवनागरी या कामाला फार सोयीची आहे, असे माझ्या ध्यानात आले. शिरोरेघ म्हणजे वाळत घालायची दोरी. एकदा ती ताणून बांधली, की अक्षरे कपड्यांसारखी तिच्यावर टांगत जायची. 'क' आणि 'झ' तेवढे नाठाळ. सुईने गोलाई काढताना 'क'चा कितीदा तरी चौकोन झाला.

सौ. बँकेतून आल्या, की चहाचा कप हातात घेऊन माझे दिवसभराचे काम तपासत. एकदा त्यांनी नाक मुरडले तेव्हा मी त्यांना सुगरणीची खरी हकीकत सांगितली. कवितेत घरटे विणते ती मादी. परंतु निसर्गात ते विणतो नर. सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्यांवर पाळत ठेवून त्यांच्या संसाराचा सगळा छडा लावला. नर गवताच्या, भाताच्या किंवा शिंदीच्या पात्याच्या लांब चिरफळ्या आणतो, शेकडो खेपा करतो आणि अर्धे घरटे विणून थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. एखादीला पसंत पडले, तर तो पुढची नळी विणून घर पुरे करतो; कुणालाच पसंत पडले नाही, तर ते अर्धवट तसेच लोंबत राहते.

"मग तुमचं हे लोंबणार असं दिसतंय," सौ. म्हणाल्या.

आई पलंगावरून म्हणाली, "बांधेना का नर! अंड्यांवर कोण बसतं?"

मी गप्प झालो. कारण सलीम अलींचे उत्तरही हेच आहे. मादीने अंडी घातली, की हे महाशय तिला तिथे सोडून शेजारी दुसरे घरटे विणायला घेतात! बहिणाबाईंनी पक्षीशास्त्र वाचले नव्हते. पण घर बांधणे निराळे आणि ते चालवणे निराळे, हे त्यांना आणि माझ्या आईला पुस्तकावाचून कळलेले होते.

असे दीड महिना चालले. तीन ओळी झाल्या, चौथी निम्म्यावर आली. एका रविवारी सकाळी सौ. आणि कन्या बाजारात गेल्या होत्या. खिडकीशी बसून मी भरलेल्या ओळी मोठ्याने वाचल्या, कारण आईला त्या आता दिसत नाहीत. ती ऐकत होती. दुसरी ओळ संपली तशी ती म्हणाली, "तिथं 'ला' नाही. 'ले'."

मी पाहिले. खरेच होते. एका शब्दाच्या शेवटी बहिणाबाईंचा 'ले' प्रत्यय आहे आणि तिथे मी 'ला' भरला होता. कविता समोर होती, कार्बनने अक्षरे मीच उतरवली होती, पाठांतर पंचवीस वर्षांचे. तरी हाताने प्रमाण मराठी लिहिली. वर्गात एखाद्या मुलाने असे लिहिले असते, तर बोलीचा गोडवा कसा जपावा, यावर मी अर्धा तास बोललो असतो.

उसवण्यासाठी मी कापड रिंगमधून सोडवले आणि टाके नीट दिसावेत म्हणून खिडकीच्या उजेडापुढे धरले. तेव्हा माझ्या अक्षरांच्या मागे, कापडाच्या विणीत, मला दुसरे काहीतरी दिसले. बारीक बारीक तांबूस ठिपके. मी आधी समजलो, की गंजाचे डाग असतील. पण डाग असे ओळीने पडत नाहीत. स्वस्तातल्या लाल दोऱ्याचा रंग धुताना सुटला होता आणि सुईच्या भोकांपाशी तेवढा धरून राहिला होता. ठिपक्यांवरून बोट फिरवत गेलो तशी इंग्रजी अक्षरे उमटत गेली. त्यांतले पहिले अक्षर 'एस' होते, आणि ते उलटे होते.

मला सारे आठवले. विसरलो होतो असे म्हणणे सोयीचे आहे. पण ज्याची आठवण काढायची नसते, ते आपण विसरलेले नसतो.

वडिलांची पुण्याला बदली झाली ती १९८८ साली. मी नऊ वर्षांचा होतो. गावाकडे मी आईला 'माय' म्हणत असे. पुण्याच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून 'मले' आणि 'तुले' निघाले आणि तेच माझे टोपणनाव झाले. तीन महिन्यांत मी शुद्ध बोलू लागलो; भीतीने शिकलेली भाषा लवकर येते. 'माय'ची 'आई' झाली. शेजारच्या वहिनींच्या भिंतीवर 'स्वीट होम'ची चौकट होती. चौथी शिकलेल्या माझ्या आईला इंग्रजी येत नव्हते. परंतु तिने नमुन्याच्या पुस्तकातली अक्षरे चित्रासारखी पाहून काढली आणि रुखवताच्या कापडाच्या मधल्या जागेत लाल दोऱ्याने भरली. चौकटीला पैसे नव्हते म्हणून कापड तसेच दोन खिळ्यांवर लावले. त्या दोन खोल्यांत आम्ही आलो आहोत, आता इथे आपले घर आहे, असे तिला सांगायचे असावे.

शाळेतला एक मित्र घरी आला. त्याने भिंतीकडे पाहिले आणि तो हसत सुटला. "अरे, एस उलटा आहे!" आई पदराला हात पुसत बाहेर आली, हसली आणि म्हणाली, "कोनता रे? मले दाखव बरं." आणि मी, तिचा शहाणा मुलगा, मित्रादेखत म्हणालो, "तुला येत नाही तर करतेस कशाला? आणि जरा नीट बोल ना."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नुसते खिळे होते. मी काही विचारले नाही. मला बरेच वाटले असणार.

तेव्हापासून आई माझ्याशी नीट बोलते. पस्तीस वर्षांहून अधिक काळ ती माझ्याशी नीट बोलत आली आहे. मामांचा जळगावहून फोन आला, की दार लोटून घेते, आणि आतून ती दुसरी भाषा ऐकू येते, भरभर, हसरी. मी बाहेर उद्याच्या वर्गासाठी बहिणाबाईंवरची टिपणे काढत असतो. त्या दोन खोल्यांमध्ये एकच दार होते, आणि ते लोटलेले का असते, हा प्रश्न एम. ए. झालेल्या मला कधी पडला नाही.

"हे तेच कापड ना?" मी विचारले.

"हो."

"मग मला देताना बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? कापड चांगलं होतं."

थोडा वेळ ती गप्प राहिली. बोटे मांडीवरच्या पदराचा काठ चाचपीत होती. मग म्हणाली, "तू झोपल्यावर उसवलं रात्री. उलटं अक्षर कोनतं, ते मले कुठं समजत व्हतं? म्हणून समदीच उसवली."

मला काही बोलता आले नाही. क्षमा मागावी असे वाटले. परंतु इतक्या वर्षांनी मागितलेल्या क्षमेला उत्तर देण्याचे काम पुन्हा तिच्यावरच पडले असते. मी कात्रीचे टोक 'ला'च्या कान्याखाली घातले. तिने आवाजावरून ओळखले असावे.

"तेवढा कानाच काढ," ती म्हणाली. "बाकीचं राहू दे. समदं नको उसवू."

कान्याचे टाके निघाले. जुने कापड, भोके राहिली, आणि ती नेमकी तिच्या एका तांबूस ठिपक्याशेजारी. मात्रा कुठून सुरू करायची, ते तिने माझे बोट धरून दाखवले. मात्रा जरा वाकडी आली. आईने बोट फिरवून पाहिले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. वाचता येते ना?"

गणपतीच्या आदल्या दिवशी काम पुरे झाले. चौकट करणाऱ्याने विचारले, "मागे पुठ्ठा लावू ना?" मी त्याला मागच्या बाजूलाही काच घालायला सांगितली. त्याला ते विचित्र वाटले. पैसेही जास्त पडले. पण आता ती चौकट खिळ्यावरून काढून उजेडात धरली, तर माझी वेडीवाकडी उलटी बाजू दिसते आणि अक्षरांच्या आड ते लाल ठिपकेही दिसतात. अर्थशास्त्राच्या बाई आल्या, तर त्यांना दाखवण्याचा माझा मानस आहे.

आरतीला कन्येच्या मैत्रिणी आल्या होत्या. प्रसाद खाता खाता त्यांतल्या एकीने चौकटीकडे पाहिले, दुसरी ओळ दोनदा वाचली आणि म्हणाली, "अगं, इथे चुकलंय. 'ला' हवं ना? 'ले' झालंय."

माझ्या हातातली प्रसादाची वाटी तशीच राहिली. आई आत पलंगावर होती आणि दार उघडे होते.

कन्येने मान वर करूनही पाहिले नाही. मोदकाची पारी सोडवत ती म्हणाली, "चुकलं नाहीये. माझी आजी असंच बोलते."